‘सैराट’मधले आमचे हैदराबाद

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि पुढे कित्येक आठवडे आम्हां हैदराबादच्या मराठी मंडळींना दुसरा विषय राहिला नाही. लग्नाच्या पंगतीत तोच, वाचनालयाच्या पायऱ्यांवर तोच, भाजी घेताना भेटलेल्या शेजारणींच्या बोलण्यातही तोच. ज्यांनी वर्षानुवर्षे मराठी चित्रपटाचे तिकीट काढले नव्हते अशी मंडळी सहकुटुंब जाऊन आली, आणि जाऊन आलेल्यांनी न गेलेल्यांना नावे ठेवली. आम्हीही गेलो. तीन तासांना थोडा कमी असा तो चित्रपट पाहून डोळे पुसत बाहेर पडलो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि मनात एक अढी राहिली होती आणि ती बोलून दाखवण्याचे धाडस त्या दिवसांत आम्हांस झाले नाही. ‘सैराट’विषयी ‘पण’ हा शब्द उच्चारला की समोरचा मनातल्या मनात आपली जात आणि आपले वय विचारून मोकळा होई.

अलीकडे एका रविवारी घरच्या दूरचित्रवाणी संचावर तो पुन्हा पाहण्यात आला. अढी अजून आहेच. पण पहिल्या वेळी ती जिथे होती तिथे आता नाही. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

कथानक बहुतेक वाचकांस ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले एक गाव. परशा हा मासेमारी करणाऱ्या गरीब घरातला, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीचा हुशार मुलगा. आर्ची ही बड्या बागाईतदार आणि राजकारणी पाटलांची लाडकी लेक. दोघांचे प्रेम जडते, आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाच्या रात्री ते उघडकीस येते, मग मारहाण, पोलीस, खोटी तक्रार. आणि अखेर दोघे धावत्या आगगाडीत चढून पळ काढतात. ती त्यांना आणून सोडते आमच्या हैदराबादेत.

हैदराबादच का, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकास कदाचित पडला असेल. आम्हांस पडला नाही. मंजुळे यांचे स्वतःचे गाव जेऊर, आणि जेऊरचे स्टेशन दौंड-सोलापूर लोहमार्गावर आहे. सोलापूर ओलांडले, वाडी ओलांडली की गाडीचे तोंड आपोआप इकडे वळते. या वाटेने माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत-जात आली आहेत. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ सालापर्यंत हैदराबादेच्या राज्यात होते. कोर्टकचेरी, शिक्षण, नोकरी, सारे इथेच. उलट दिशेने तेलुगू पद्मशाली विणकर सोलापुरास जाऊन तिथलेच झाले. तेव्हा गावातून उठलेल्या पोराने दिसेल त्या गाडीत पाय ठेवला आणि नामपल्लीस उतरला, यात पटकथाकाराची काही करामत नाही. ते तसेच होते.

आता आमची पहिल्या वेळची तक्रार. ती पूर्वार्धाविषयी होती आणि मास्तरी स्वभावाची होती. चित्रपटातली चारही गाणी पूर्वार्धात आहेत. अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन संगीताचा मोठा भाग थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित करून घेतला. ऐकताना अंगावर काटा येतो हे खरे. परंतु करमाळ्याच्या शिवारात एका पोराने एका पोरीकडे टक लावून पाहिले की शंभर व्हायोलिने वाजू लागतात आणि चित्र संथ होते, तेव्हा आमच्यासारख्याच्या कपाळास आठी पडते. टक लावून पाहणे, वाटेत उभे राहणे, चिठ्ठी पोचवण्यास लहान पोर धाडणे, हे सारे आम्ही शाळेच्या फाटकाशी उभे राहून पुष्कळ पाहिले आहे आणि त्यात बहुतेक वेळा मुलीची शाळा सुटते, मुलाची नव्हे. ‘झिंगाट’ सुरू झाले तेव्हा पडद्यापुढे जाऊन नाचणारी मुले आमच्या चित्रपटगृहातही होती. मध्यंतरानंतर त्यांतली कित्येक जण पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन येत होती, कारण आता गाणे नव्हते.

शिवाय आर्चीचे काम करणारी रिंकू राजगुरू तेव्हा दहावीची परीक्षाही दिलेली मुलगी नव्हती. तिचे काम पाहून राष्ट्रीय पुरस्कार समितीने विशेष उल्लेख केला तो सर्वथा योग्य होता. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, आपणहून पुढाकार घेणारी, आणि पोलीस ठाण्यात तक्रारीचे कागद फाडून टाकणारी अशी नायिका मराठी पडद्याने क्वचितच पाहिली होती. तरीही नववी-दहावीच्या वयाच्या मुलीस घेऊन रंगवलेले पळून जाणे आमच्या वर्गांतल्या मुलींनी डोळे विस्फारून पाहिले, ही रुखरुख होती आणि आजही आहे. तिचे उत्तर आमच्यापाशी नाही. चित्रपटापाशीही आहे असे वाटत नाही.

त्या पूर्वार्धात एक प्रसंग मात्र असा आहे की त्यावर कोणी फारसे बोलले नाही. कॉलेजात नवे आलेले सर शिकवत असतात. आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात मोबाइलवर बोलतो. सर त्याला हटकतात. तो उठतो आणि भर वर्गात सरांच्या कानशिलात लगावतो. पुढे सरांना कळते की हा पाटलांचा मुलगा, आणि प्रकरण तिथेच मिटते. आमच्या मागच्या रांगेत या प्रसंगी कोणीतरी हसले. आम्हांस मात्र पुढचा अर्धा तास पडद्यावर काय चालले आहे ते नीट दिसले नाही. तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसास ती चपराक परक्याची वाटत नाही. पुढे शेवटी जो हातून घडू नये तो प्रकार घडवण्यास येतो, तो हाच प्रिन्स. त्या वर्गात त्याला कोणी अडवले असते तर, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण दिग्दर्शकाने ती चपराक तिथे उगाच ठेवलेली नाही आणि ठेवून तो तिच्याकडे परत वळलाही नाही, हे आम्हांस खटकले. सरांचे पुढे काय झाले? ते दुसऱ्या दिवशी वर्गात कसे गेले? शिक्षकाला हे प्रश्न पडतात. इतरांना पडत नाहीत.

आता उत्तरार्ध. पुष्कळांचे मत असे पडले की इथे चित्रपट रेंगाळतो, तासभर कापला असता तरी चालले असते. आमचे मत नेमके उलट आहे. पूर्वार्ध गोड आहे, शेवट भयंकर आहे. पण खरा चित्रपट या दोहोंच्या मध्ये आहे. तो आमच्या शहराच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, उघड्या गटाराच्या काठी चालतो. दोघांना भाषा कळत नाही. खिशातले पैसे संपत येतात. स्टेशनात झोपतात, पोलीस म्हणवणारे गुंड त्यांना उचलून नेतात आणि आर्चीवर हात टाकू पाहतात. तिथे धावून येते सुमनअक्का. छाया कदम यांनी ही भूमिका केली आहे. एकट्याने लेकरू वाढवणारी, डोशाची गाडी चालवणारी, मराठी बोलणारी बाई. ती त्यांना शेजारची खोली देते, परशाला तव्यापाशी उभे करते, आर्चीला कारखान्यात लावून देते. ती बागाईतदाराची लेक आधी वासानेच नाक दाबते, अन्न टाकते, घरच्या आठवणीने रडते. पुढे बाटल्या भरण्याच्या कारखान्यात इतर बायकांबरोबर उभी राहून तेलुगू शिकते. इथे संगीत नाही, चित्र संथ होत नाही. सकाळी उठायचे, पीठ कालवायचे, कामावर जायचे. प्रेमाचे पुढे काय होते, हे सांगणारे मराठी चित्रपट आम्ही थोडेच पाहिले आहेत. यातली छायाचित्रकाराची नजर सुधाकर रेड्डी यकंटी या तेलुगू माणसाची आहे. त्यांनीच पुढे २०१८ साली ‘नाळ’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. करमाळ्याचे शिवार त्यांनी इतके देखणे टिपले की मराठी माणसाने हेवा करावा, आणि हैदराबाद टिपताना मात्र शोभेची एकही गोष्ट घेतली नाही. चारमिनार दाखवण्याचा मोह आवरणारे लोक थोडे.

याच भागात परशा तिच्यावर संशय घेतो आणि चारचौघांत हात उचलतो. ही दुसरी चपराक. आर्ची निघून जाते, गाडीत बसते, आणि परततेही. ती परतते तेव्हा परशा गळफास घेण्याच्या बेतात असतो, म्हणून सारे डोळ्यांतल्या पाण्यात विरून जाते. इथे दिग्दर्शकाने आम्हांस फसवले असे वाटते. मुलाने जीव देण्याची तयारी दाखवली की मुलीचा राग संपला पाहिजे, ही जुनीच चाल आहे, आणि इतक्या खऱ्या चाललेल्या चित्रपटात ती शोभत नाही. बुलेटवरची आर्ची त्या क्षणी त्याला काहीतरी विचारती.

परंतु आमची अढी जिथे सरकली आहे ती जागा ही नव्हे. ती सुमनअक्कापाशी आहे.

या शहरात आम्ही मराठी माणसे काही काल आलेली नाही. काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा इथे आमचे वाडे होते, काही अजून आहेत. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनीसारखी संस्था आमची आहे. साहित्य परिषद आहे, ग्रंथसंग्रहालय आहे, गणेशोत्सवाच्या व्याख्यानमाला आहेत. दोन मराठी पोरे जीव मुठीत धरून आमच्या शहरात उतरतात, आणि जवळजवळ अर्ध्या चित्रपटात आमच्यापैकी एकही माणूस त्यांना भेटत नाही. पहिल्या वेळी पाहताना आम्हांस याचा रागच आला होता. वाटले, मंजुळे यांना इथले मराठी जग ठाऊकच नाही. एका मित्राने तर तसे पत्र लिहावे असेही सुचवले होते. दुसऱ्या वेळी पाहताना ध्यानात आले की ठाऊक नाही ते आम्हांसच. सुमनअक्का मराठीच आहे. ती कोणत्या मंडळाची सभासद आहे? कोणत्या हळदीकुंकवास तिला बोलावणे गेले? आमच्या वर्गणीच्या वह्यांत त्या वस्तीचे एकही नाव नाही. आणि ती दोघे जर खरोखरच काचीगुड्याच्या एखाद्या वाड्याची कडी वाजवती, तर आम्ही काय करतो? आम्ही चहा देतो. मग आडनाव विचारतो. मग गाव. आणि मग म्हणतो, बाळांनो, घरी एक फोन करा. आईबापांचा जीव टांगणीला लागला असेल.

हे तर्काने लिहिलेले नाही.

२०१७ सालच्या पावसाळ्यात, म्हणजे चित्रपट पाहून रडल्यानंतर एका वर्षाने, आमच्याकडे शाळेचा कार्यभार नुकताच आला होता. एके दिवशी दुपारच्या सुटीत एक माजी विद्यार्थी आला. दहावी होऊन त्याला सहा-सात वर्षे झाली असावीत. गणितात कच्चा, पण अक्षर मोत्यासारखे. फळ्यावर सुविचार त्याच्याकडून लिहून घेत असू. त्याला शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारखेचा दाखला हवा होता. दहावीची गुणपत्रिका घरीच राहिली, असे म्हणाला. ‘घरीच राहिली’ या शब्दांवरूनच कळायचे ते कळले. व्हरांड्यात खांबाआड एक मुलगी उभी होती, खांद्यास पिशवी. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण झाल्याचा पुरावा असल्याखेरीज विवाह नोंदला जात नाही, आणि तो पुरावा पुष्कळदा शाळेच्याच कपाटात असतो. पळून जाण्याच्या चित्रपटांत हे कपाट दिसत नाही. ‘सैराट’मध्येही दोघे नोंदणी कार्यालयात जातात आणि सही करतात, दाखला कुठून आला, कोणी दिला, हे कोणी विचारत नाही.

आम्ही त्याला बसवले. पाणी दिले. मग नियम सांगितला : लेखी अर्ज, ओळखीचा पुरावा, आठ दिवसांनी या. नोंदवही आमच्या पाठीमागच्या कपाटात होती आणि किल्ली खिशात. दहा मिनिटांचे काम होते. तो म्हणाला, “सर, आज नाही का मिळणार?” आम्ही म्हणालो, “नियम सर्वांना सारखा.” त्याने अर्ज लिहिला, अक्षर अजून तसेच होते. मग आम्ही खुर्ची पुढे ओढून, ज्या आवाजात शिक्षक अशा वेळी बोलतात त्या आवाजात म्हणालो, “घरी एक फोन कर. कितीही झाले तरी रक्ताची माणसे आहेत.” तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. “फोन नको, सर,” एवढेच बोलला.

वाचकांना चित्रपटाचा शेवट आठवत असेल. काही वर्षे लोटतात. दोघांचे बरे चालले आहे, मूल झाले आहे, राहायला चांगली जागा आहे. आर्ची आईला फोन लावते, बाळाचा आवाज ऐकवते. आणि त्या फोनच्या वाटेने प्रिन्स आणि त्याचे सोबती येतात. आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन. ती चहा ठेवते. बाळ शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते, ते परत येते.

पहिल्या वेळी आम्ही म्हणालो होतो की हा शेवट प्रेक्षकाच्या तोंडावर फेकला आहे. समेट होत असताना, माहेरचे लुगडे हातात असताना, हे कसे? ज्या एका गोष्टीवर आमच्या पिढीची श्रद्धा होती, की मूल झाले म्हणजे आजी-आजोबा विरघळतात, तिचाच इथे गळा कापला आहे. आणि म्हणून हे अतिरंजित आहे. दोन वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१८ रोजी, आमच्याच राज्यात नलगोंडा जिल्ह्यातल्या मिर्यालगुड्यास एका दलित तरुणाचा रुग्णालयाच्या दारात, गर्भवती पत्नीच्या देखत, खून झाला. तिच्या वडिलांनीच मारेकरी नेमले, असा पोलिसांचा तपास होता. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने एकास फाशी आणि सहा जणांस जन्मठेप सुनावली. मे २०२२ मध्ये तर हैदराबादेतच, सरूरनगर भागात, भर रस्त्यात एका तरुणास त्याच्या पत्नीच्या भावाने पत्नीसमोर मारले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्येच राज्यांना बजावले होते की अशा जोडप्यांना संरक्षण द्या, त्यांच्यासाठी सुरक्षित निवारे काढण्याचा विचार करा. अतिरंजित हा शब्द त्यानंतर आम्ही या चित्रपटाविषयी वापरलेला नाही. हिंदीत २०१८ साली याचाच ‘धडक’ झाला. त्यात पळून जाण्याचे गाव कोलकाता आहे, घर नीटनेटके आहे, आणि जात इतकी पुसट की न कळली तरी चालावे. तो पाहून आम्हांस काहीच झाले नाही.

तो दाखला आठ दिवसांत तयार झाला. आम्ही स्वतः लिहिला, सही केली, गोल शिक्का मारला. न्यायला कोणी आले नाही. अर्जावर फोन क्रमांक होता. तो लागत नव्हता. त्याच्या वर्गातल्या मुलांना विचारले, तेव्हा कोणी म्हणाले भिवंडीस आहे, कोणी म्हणाले घरी परतला. दाखला फाइलीत आहे. दर वर्षी जून महिन्यात फायली झटकताना तो हाती येतो.

परवाच्या रविवारी हे घरात कोणास सांगितलेले नव्हते. आम्ही, सौभाग्यवती आणि सुटीत आलेला मुलगा असे तिघे पाहत होतो. आर्चीने फोन हातात घेतला तेव्हा सौभाग्यवती, जिने हा चित्रपट पूर्वी पाहिलेला आहे आणि जिला पुढचे सारे ठाऊक आहे, मोठ्याने म्हणाली, “नको गं लावू.” मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ते लेकरू रडत दाराबाहेर येते, त्याची रक्ताने माखलेली पावले फरशीवर उमटतात, आणि चित्रपटातला आवाज संपूर्ण बंद होतो. मुलाला वाटले, संचातच काही बिघाड झाला. त्याने रिमोट घेऊन आवाज वाढवला, आणखी वाढवला, पार शेवटच्या अंकापर्यंत नेला.